बटण लावता येणारे हात

शाळेला निघण्याच्या घाईत सदऱ्याचे बटण तुटते. सातवीतला मुलगा ते तळहातावर घेऊन घरभर फिरतो. आई डबा भरते आहे, बाबा गाडीची किल्ली शोधत आहेत, आजीला सुईचे नेढे दिसत नाही. शेवटी सेफ्टी पिन अडकवून तो बाहेर पडतो आणि संध्याकाळी सदरा कोपऱ्यावरच्या 'अल्टरेशन'वाल्याकडे जातो. चार भोकांच्या एका बटणासाठी घरातल्या एकाही माणसाचा हात मोकळा नाही आणि ज्याचा मोकळा आहे त्याला ते येत नाही. अनेक घरांत आता हे इतके नेहमीचे झाले आहे की त्याचे कुणाला काही वाटत नाही.

वाटायला हवे. बटण लावता न येणे ही घरकामातली किरकोळ उणीव म्हणून सोडून देता येईल, पण वाढत्या मुलांच्या हातांचा विचार केला तर त्यामागे एक मोठी उणीव दिसते. हाताच्या बोटांना बारीक काम शिकवणाऱ्या गोष्टी मुलांच्या दिवसातून एकेक करून निघून गेल्या. शेंगा सोलणे, वाती वळणे, गजरा गुंफणे, पतंगाला कन्नी बांधणे यांतले फारच थोडे उरले आहे. घरातले साधे शिवणकाम ही जागा बऱ्याच अंशी भरून काढू शकते. त्यासाठी मोठी मशीन लागत नाही, फार पैसे लागत नाहीत आणि शिंप्याचा हातखंडाही लागत नाही.

चिमटीत काय घडते?

माणसाच्या एका हातात 27 हाडे असतात. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू मात्र हाताच्या पंजात नसून कोपराखालच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी ते बोटे ओढतात. अंगठा तर्जनीला भिडवून केलेली चिमूट ही या सगळ्या यंत्रणेची सर्वांत नाजूक करामत. मेंदूतही तिला मोठा मान आहे. माँट्रियलचे मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत उत्तेजना देऊन कोणता भाग कोणता अवयव हलवतो, याची नोंद केली आणि 1937 मध्ये एडविन बोल्ड्री यांच्यासह ती प्रसिद्ध केली. त्या नकाशात संपूर्ण धडापेक्षा हाताने आणि चेहऱ्याने किती तरी अधिक जागा अडवलेली दिसते.

सुईत दोरा ओवून एक टाका घालताना ही जागा कामाला लागते. डावा हात कापड ताणून धरतो, उजवा सुई चालवतो; म्हणजे दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामे करतात. सुई कापडाखाली गेली की डोळ्यांना ती दिसत नाही. मागच्या टाक्यापासून नेमक्या अंतरावर ती पुन्हा वर काढायची, तर भिस्त बोटांच्या स्पर्शावर आणि अंदाजावर ठेवावी लागते. दोरा फार ओढला तर कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला तर टाका लोंबतो. किती जोर लावायचा हे प्रत्येक टाक्याला कापडच सांगते. मोबाइलच्या काचेवर फिरणाऱ्या बोटाला असे उत्तर मिळत नाही. काचेवर चित्र कोणतेही असो, बोटाला लागणारा स्पर्श तोच असतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये शल्यशिक्षण शिकवणारे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी 2018 मध्ये जाहीरपणे एक काळजी बोलून दाखवली होती. वैद्यकीय विद्यार्थी परीक्षेत उत्तम गुण मिळवतात, पण कापणे आणि टाके घालणे यासाठी लागणारे हाताचे कसब त्यांच्यात कमी दिसते. लहानपणी हाताने करायच्या गोष्टी कमी झाल्याचा हा परिणाम असावा, असे त्यांचे म्हणणे. हे एका अनुभवी शिक्षकाचे निरीक्षण आहे, मोजमाप करून काढलेला निष्कर्ष नाही. तरीही त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण जखम शिवायला हवा तो हात अठराव्या वर्षी एकदम तयार होत नसतो.

औषध नव्हे, सवय

शिवण-विणकामाने मन शांत होते, स्मरणशक्ती टिकते असे दावे हल्ली सर्रास केले जातात. त्यात तथ्य किती हे नीट पाहायला हवे. 2013 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'त 3,545 विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जितक्या जास्त वेळा विणायला बसावे तितके शांत आणि आनंदी वाटते, असा संबंध त्यात दिसला. पण उत्तरे देणारे सगळे आधीपासूनच विणकामाचे शौकीन होते. 2015 मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 85 वर्षे आणि त्यापुढच्या 256 जणांचा सुमारे चार वर्षांचा अभ्यास मांडला. उतारवयात शिवण, सुतारकाम, मातीकाम अशी हस्तकला करणाऱ्यांमध्ये सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण कमी आढळले. इथेही प्रश्न उरतोच: शिवणामुळे बुद्धी शाबूत राहिली, की बुद्धी शाबूत असल्यामुळे शिवण सुरू राहिले?

तेव्हा सुईदोऱ्याला औषध म्हणू नये. नैराश्य असेल तर डॉक्टरकडेच जायला हवे. मात्र अर्धा तास एका कामावर लक्ष ठेवणे, चुकलेला टाका उसवून पुन्हा घालणे आणि शेवटी हातात काहीतरी पूर्ण झालेले दिसणे ही सवय कुणाच्याही प्रकृतीला चांगलीच. विशेषतः चुकले तरी दुरुस्त करता येते, हा धडा आजच्या मुलांना वर्गात फारसा मिळत नाही. शिवणात तो रोज मिळतो.

पहिला टाका फेल्टवर

नवशिक्याची गाडी बहुधा पहिल्याच पायरीवर अडते, कारण तो थेट कुर्ता शिवायला घेतो. विणलेले कापड कापले की कडेच्या दशा सुटू लागतात. त्या आवरायला कड दुमडा, हेम घाला, मग जोडा. एवढे होईपर्यंत उत्साह संपतो. म्हणून सुरुवात फेल्टपासून करावी.

खरे फेल्ट लोकरीचे असते. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. उष्णता, साबणाचे पाणी आणि चोळणे या तिन्हींमुळे ते एकमेकांत अडकतात आणि ताणा-बाणा नसलेले घट्ट कापड तयार होते. काश्मीरचा नमदा असाच बनतो. कढत पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर आटून जाड होतो, त्याचेही कारण हेच. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे रंगीत फेल्टचे तुकडे मात्र बहुतेक पॉलिएस्टरचे किंवा अॅक्रिलिकचे असतात. दशा त्यांच्याही सुटत नाहीत, त्यामुळे शिकायला ते उत्तम. फक्त गरम इस्त्री त्यांच्यावर थेट टेकवू नये आणि दिव्याजवळ ते ठेवू नयेत. कृत्रिम धागा वितळतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून खोलवर भाजतो.

पहिला नमुना तळहाताएवढा मासा किंवा हत्ती. कागदावर आकार काढून कापावा, तो फेल्टवर ठेवून खडूने उमटवावा आणि एकसारखे दोन तुकडे कापावेत. डोळा, सोंडेच्या रेघा, माशाचे खवले हे सगळे जोडण्याआधीच धाग्याने भरून घ्यावे. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून कडेने काजटाका घालत जावे. दोन बोटे आत जातील एवढी फट ठेवायची, तिथून थोडा थोडा कापूस पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोपऱ्यांपर्यंत ढकलायचा आणि फट शिवून टाकायची. हाताला सवय नसेल तर दीड-दोन तास लागतात. टाके वाकडे येतील. येऊ द्यावेत.

जगातल्या एका मोठ्या खेळण्याच्या कारखान्याची सुरुवात अशाच हत्तीने झाली. जर्मनीतल्या गिंगेन गावी 1847 मध्ये जन्मलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय लुळे पडले, उजव्या हातात जोर राहिला नाही. तरीही त्या हट्टाने शिवण शिकल्या आणि फेल्टचे कपडे शिवून विकू लागल्या. 1880 च्या सुमारास एका फॅशनच्या मासिकातला नमुना पाहून त्यांनी फेल्टचे छोटे हत्ती शिवले. ते टाचण्या टोचून ठेवण्याच्या गादीसाठी होते, पण पोरांनी ते पळवले आणि त्यांचे खेळणे केले. मऊ खेळण्यांचा त्यांचा व्यवसाय तिथून उभा राहिला. कमकुवत हाताला काम नाकारण्यापेक्षा त्याला झेपेल असे काम शोधणे किती मोलाचे असते, हे या हत्तीच्या गोष्टीतून घ्यायचे.

घरचे खेळणे, घरचीच तपासणी

बाजारातल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानकांची पूर्तता सक्तीची झाली आहे. घरी शिवलेल्या हत्तीला मात्र कुणी तपासत नाही. त्यामुळे तपासनीस शिवणाऱ्यानेच व्हायचे.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या खेळण्यावर बटणाचे डोळे, मणी, टिकल्या, घुंगरू काहीही नको. डोळे धाग्यानेच भरावेत. लहान भागांच्या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या नळकांड्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. त्यात मावणारी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते, असे मानले जाते. आत कापूस किंवा धुता येणारा कृत्रिम तंतू भरावा. मूग, राजमा, थर्माकोलचे दाणे भरू नयेत. शिवण उसवली तर तो दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. आवाज किंवा दिव्यासाठी चपटी बटण-बॅटरी घालण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. गिळलेली अशी बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. शिवून झाल्यावर प्रत्येक जोड जोराने ओढून पाहावा. आणि वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत कोणतेच मऊ खेळणे ठेवू नये, मग ते आजीने कितीही मायेने शिवलेले असो.

धुळीच्या अॅलर्जीचे किंवा दम्याचे मूल घरात असेल तर मऊ खेळणी मोजकीच असावीत. पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास धुळीतले सूक्ष्म कीटक मरतात, त्यानंतर धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे.

हातरुमालापासून झबल्यापर्यंत

फेल्टवर हात बसला की कापडाकडे वळावे. क्रम सोपा आहे. आधी हातरुमाल: चारी कडा दुहेरी दुमडून हेम. मग उशीचा अभ्रा: सरळ शिवणी, एकही वळण नाही. मग बाजारहाटाची पिशवी. त्यानंतर नेफ्यात इलॅस्टिक घातलेला परकर किंवा अर्धी चड्डी. यात मापाची चूक इलॅस्टिक झाकून टाकते, म्हणून पहिला कपडा हाच असावा. कुर्ता, कॉलर, बाह्यांचा घेर या गोष्टींची घाई नको.

कापड सुती आणि मध्यम जाडीचे घ्यावे. घसरणारे रेशीम आणि ताणणारे होजिअरी नवशिक्याला रडवतात. नवे कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मापात शिवलेला कपडा मग अंगात जात नाही. दुसरे कारण आरोग्याचे. चुण्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर ज्या रसायनांची प्रक्रिया करतात त्यांतून फॉर्मल्डिहाइड सुटू शकते आणि नाजूक कातडीवर पुरळ उठते. धुण्याने ते बरेच कमी होते. कापताना कापडाचा उभा धागा अंगाच्या उंचीला समांतर ठेवावा, नाहीतर कपडा धुतल्यावर पिळवटतो. उरेब, म्हणजे तिरका, तुकडा ताणतो. गळ्याच्या पट्टीला तो उपयोगी, पिशवीच्या बंदाला नाही. आणि शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडावी. मराठी शिवणकामात जास्तीच्या कापडाला 'माया' म्हणतात, ते उगीच नाही. मूल वाढले की हीच माया उसवून कपडा आणखी वर्षभर चालतो.

यापुढची पायरी बाळाचे झबले. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे झबले आणि दुपटे शिवण्याची महाराष्ट्रातली रीत आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाची होती. ते कापड घाम टिपते, हवा खेळू देते आणि त्यात नव्या कापडावरची रसायने उरलेली नसतात. शिवणीच्या कडा बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर बाळाच्या अंगाला घासत नाहीत. नाड्या आखूड आणि पक्क्या शिवलेल्या असाव्यात. गळ्याभोवती लांब नाडी मात्र अजिबात नको.

मशीनवर बसायचे असेल तर आधी दोरा न ओवता, रेघी वहीच्या पानावर रेघ धरून ती चालवायला शिकावे. सुई रेघेवरच भोके पाडू लागली की मग कापड लावावे. हातमशीन सावकाश चालते, त्यामुळे सुरुवातीला ती बरी. मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखालीच बसवावे, शक्यतो दहा वर्षांनंतर. पाच-सहा वर्षांच्या मुलांना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यातून बुटाची नाडी ओवायला द्यावी. सात-आठ वर्षांच्या मुलांना बोथट टोकाची जाड सुई आणि फेल्ट.

डोळे, मान आणि हरवलेली सुई

शिवणकामातून दुखणीही येतात. रोजंदारीवर दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बायकांची मान, कंबर आणि खांदे काय सोसतात हे त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनाही ठाऊक असते. छंदाला त्या वाटेने जाऊ देऊ नये. खुर्चीत पाय टेकतील असे बसावे, काम डोळ्यांजवळ उचलून धरावे, मान त्यावर झुकवू नये. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर दूरवर पाहावे. शिवणकाम हेही जवळचेच काम आहे. मुलांची दूरची नजर जपायची तर उघड्यावरचे खेळणे त्यासाठी कमी करू नये. चाळिशी लागलेल्यांनी चश्म्याशिवाय हट्टाने शिवू नये. दिवसाच्या उजेडात, प्रकाश समोरून किंवा बाजूने येईल असे बसावे.

शस्त्रक्रियागृहात जखम बंद करण्याआधी सुया आणि कापसाचे बोळे मोजतात. घरीही तोच नियम हवा: बसताना सुया मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. हरवलेली सुई लोहचुंबक फिरवून शोधावी आणि सापडेपर्यंत त्या खोलीत अनवाणी कुणी जाऊ नये. सुई तुटून पायात राहिली तर खोदाखोद न करता डॉक्टरकडे जावे. धनुर्वाताच्या लसीचेही तिथेच विचारावे. मुलाने सुई किंवा टाचणी गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नये, केळी खाऊ घालत वाट पाहत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आईचे आणखी एक काम नको

यावर एक आक्षेप हमखास येतो: तयार कपडे एवढे स्वस्त असताना वेळ कशाला घालवायचा? पैशांच्या हिशेबात तो बरोबर आहे. शिवलेला अभ्रा विकतच्यापेक्षा महागच पडेल. पण पोहायला शिकवताना नदी ओलांडायला पूल आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. शिकणे शरीरासाठी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिवण म्हटले की ते मुलींचे आणि आईचे काम, अशी समजूत घराघरांत बसलेली आहे. पूर्वी अनेक शाळांत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणीच असे. तीच वाटणी पुन्हा आणायची असेल तर शिवण परत न आलेले बरे. आज शाळेत कार्यानुभव हा विषय आहे, पण पुष्कळदा मुलाची वस्तू रात्री अकरा वाजता आई पूर्ण करते किंवा दुकानातून तयार आणते. त्यात गुण मुलाला मिळतात, सराव कुणाच्याच हाताला मिळत नाही. शिक्षकांनी वाकड्या टाक्यांच्या हत्तीला सुबक हत्तीपेक्षा कमी गुण देणे थांबवले, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

हातांनी काम करत शिकावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, त्यातून नई तालीम उभी राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवण्याची कल्पना आहे. सुतार, कुंभार यांच्या जोडीला त्या यादीत गल्लीतला शिंपीही असावा आणि त्याच्यासमोर मुले-मुली एकत्र बसावीत.

त्याची वाट पाहण्याची गरज मात्र नाही. येत्या सुट्टीत एका दुपारी घरातल्या सगळ्यांनी सुई, दोरा आणि एक जुना सदरा घेऊन बसावे. आजीला दिसत नसेल तर नातवाने दोरा ओवून द्यावा, आजीने टाका दाखवावा. बाबांनीही एक बटण लावावे. चार भोके, दुहेरी दोरा, खालून गाठ, वरून फुलीचे टाके, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे आणि शेवटी पुन्हा गाठ. पहिल्या खेपेला दहा मिनिटे लागतील. शाळा सुरू झाल्यावर पुन्हा बटण तुटेल, तेव्हा सातवीतल्या त्या मुलाला सेफ्टी पिन शोधावी लागणार नाही.